जेवढं लागतं तेवढंच

बाई,

तुम्हाला कुणी मॅडम म्हटलेलं चालायचं नाही. "मॅडम साड्यांच्या दुकानात म्हणतात. मी शिकवते, बाई म्हणा," असं तुम्ही क्लासच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाला बाई म्हणता येतं हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाई म्हणजे मराठी शाळेतल्या, फळ्यावर कविता लिहून देणाऱ्या. सदाशिव पेठेतला तुमचा क्लास दातांच्या दवाखान्याच्या वर होता. जिन्यात चपला काढून आत यायचं, कारण धूळ मशीनमध्ये जाते, आणि खालून दात कोरण्याचं मशीन सुरू झालं की तुम्ही वाक्य अर्ध्यावर सोडून ते बंद होईपर्यंत शांतपणे वाट बघायचात. टेलिफोन खात्यातली नोकरी वेळेआधी सोडून तुम्ही हा क्लास काढला होता. त्या दिवसांत पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि प्रत्येकाच्या पाटीवर अमेरिकेला नेऊन पोचवण्याची भाषा होती. तुमच्या पाटीवर 'नेटवर्क सांभाळण्यास शिकवले जाईल' एवढंच लिहिलेलं होतं, आणि त्याखाली, 'घाई असणाऱ्यांनी समोर चौकशी करावी.'

मी विश्रांतवाडीहून बस बदलून यायचे. बाबा कारखान्यात होते; वाशीमकडची आमची थोडी कोरडवाहू जमीन चुलत्यांवर सोपवून ते पुण्याला आले, तेव्हा मी रांगत होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. ताईची शाळा सातवीत सुटली होती, आई कधी गेलीच नव्हती. घरात सगळे एकमेकांना तू म्हणायचे, शाळेत मास्तर ए पोरी म्हणायचे, आणि तुम्ही मला, वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला, 'अहो' म्हणालात. "अहो, ती केबल तशी पिळू नका, ती दोरी नाही." मला बोलणं बसलं आहे हे कळायलाच थोडा वेळ लागला, कारण कान अजून त्या 'अहो'पाशीच होता. पुढे कळलं की तुमचा आदर आणि तुमचा टोमणा एकाच वाक्यात राहायचे आणि दोन्ही खरे असायचे.

क्लास संपत आला तेव्हा तुम्हाला एका पॅथॉलॉजी लॅबचं नेटवर्क बसवायचं आणि सांभाळायचं काम मिळालं होतं, आणि हाताखाली कुणीतरी हवं होतं. क्लासमधली चुणचुणीत मुलं सोडून तुम्ही मला थांबवलंत. मला वाटलं, फी राहिली असेल. तुम्ही विचारलंत, "घरातून निघताना कुलूप लावल्यावर ओढून बघता का?"

"हो."

"एकदा?"

"दोनदा."

"आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येता?"

या सवयीवरून घरात मला सगळे हसायचे. आई म्हणायची, हिले भारी वहम. गॅस बंद आहे का, नळ बंद आहे का, बाबांचा डबा बाबांच्याच पिशवीत गेला का, असं माझं दिवसभर चालायचं. शेवटी म्हटलं, "कधी कधी येते."

"मग उद्यापासून लॅबमध्ये या," तुम्ही म्हणालात. "हे शिकवता येत नाही. बाकीचं मी शिकवीन."

माझी भीती कुणाच्या उपयोगाची आहे असं मला पहिल्यांदाच कळत होतं. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून हसत होते आणि शेजारच्या आजी सरकून बसल्या.

लॅबची मुख्य जागा पेठेतच होती आणि दोन शाखा, त्यातली एक आमच्या विश्रांतवाडीत. तिथलं रक्त रिक्षाने इकडे यायचं आणि रिपोर्ट टेलिफोनच्या तारेने तिकडे जायचा. मोडेम लागताना जो खरखराट व्हायचा तो अजूनही कधी कानात वाजतो. सर्व्हर ठेवला होता, पूर्वी काचसामान असायचं त्या खोलीत. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला कीबोर्डला हातच लावू दिला नाहीत. भिंतीतल्या प्रत्येक सॉकेटपाशी नेलंत आणि विचारलंत, इथे काय लागतं? काही नाही म्हटलं की, "मग काढा वायर. जे वापरत नाही ते दार उघडं कशाला?" तेच पुढे मशीनच्या आतही केलं. न लागणाऱ्या सेवा बंद, न लागणारे पोर्ट बंद, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं त्याच संध्याकाळी बंद, निरोपाचा चहा पिऊन कप खाली ठेवायच्या आत. रिसेप्शनवर पेशंटचं नाव आणि पावती दिसेल, आकडे दिसणार नाहीत. तपासणाऱ्याला नमुन्याचा नंबर आणि आकडे दिसतील, नाव दिसणार नाही. सही करणाऱ्या डॉक्टरांना दोन्ही दिसेल. "ज्याला जेवढं लागतं तेवढंच," तुम्ही म्हणायचात, आणि वाढताना आईने म्हणावं तसं म्हणायचात, हात आखडता घेतल्यासारखं नाही.

लॅबचे मालक डॉक्टर एकदा हसत हसत म्हणाले, "बाई, लॅब माझी आहे हो. मला तरी सगळ्याच्या किल्ल्या द्या."

"देते की," तुम्ही म्हणालात. "पण मग उद्या काही बिघडलं तर तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल, तुम्ही नाही बिघडवलं याचं. किल्ली नसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही."

डॉक्टर म्हणाले, "राहू दे."

हे वाक्य तुम्ही किती सहज बोललात. माझ्यावर ते उलटून येईल असं तेव्हा मला काय माहीत.

सकाळचा चहा तुम्ही आदल्या दिवसाच्या लॉगबरोबर घ्यायचात. कोण कधी आत आलं, कुणाचा पासवर्ड चुकला, कुठलं मशीन रात्रभर चालू राहिलं, हे तुम्ही पेपर वाचावा तसं वाचायचात आणि मधूनच बातमी सांगायचात. "रिसेप्शनवरच्या वहिनी काल पाच वेळा चुकल्या. भांडण झालेलं दिसतंय." कारण वहिनींचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या यजमानांचं नाव होतं, हे तुम्ही केव्हाच ओळखलं होतंत. तुम्ही त्यांना बदला म्हणालात तेव्हा त्या दुखावल्या. "अहो बाई, पंचवीस वर्षांत मी ते नाव तोंडाने घेतलेलं नाही. कुणाला कळणार?"

"तुम्ही घेत नाही, पण घराच्या दारावर पाटीत आहे, लाइटच्या बिलावर आहे, आणि ते स्वतः रोज फोन करून तेच नाव सांगतात," तुम्ही म्हणालात. "तुम्हाला उखाणे येतात ना? एखादा घ्या, जो लग्नात कुणी ऐकलेला नाही. आणि प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर लिहा. मधे एखादा आकडा घाला."

वहिनी लाजल्या आणि स्क्रीनकडे पाठ करून, बोटांवर मोजत, ओठ हलवत त्यांनी नवा पासवर्ड केला. त्या दिवसापासून मशीन सुरू करताना त्या पुटपुटायच्या, आणि तुम्ही माझ्याकडे बघून गंभीर चेहऱ्याने मान दुसरीकडे वळवायचात.

माझ्या पासवर्डचीही एक गोष्ट आहे. मी लॅबच्या फोनवर आईशी बोलत होते, दबक्या आवाजात, कारण आईशी बोलताना माझं मले-तुले सुरू व्हायचं आणि पेठेत ते कुणी ऐकू नये असं मला वाटायचं. शाळेत त्यावरून माझी पुष्कळ चेष्टा झाली होती आणि मी घासून घासून छापील मराठी शिकले होते. फोन ठेवला तर तुम्ही मागे उभ्या. मला वाटलं, आता काहीतरी येणार. तुम्ही विचारलंत, "ते आत्ता म्हणालात तो शब्द काय होता?" मी सांगितला. "त्याचा अर्थ?" अर्थ सांगितला. मग तुम्ही म्हणालात, "पासवर्ड फोडणारे प्रोग्राम असतात, ते सगळी डिक्शनरी लावून बघतात. तुमच्या आईच्या बोलण्यातले शब्द कुठल्याच डिक्शनरीत नाहीत. अशी तीन-चार माणकं शोधा आणि जोडा. आणि फोनवर मोठ्याने बोला, लाइन खराब आहे." त्या आठवड्यात मी आईच्या मागे मागे फिरून तिचं बोलणं ऐकलं. अजूनही माझे खरे पासवर्ड तिच्याच तोंडचे असतात. याहून जास्त सांगणार नाही, तुम्हालासुद्धा.

आणि खंडेनवमी. लॅबमध्ये त्या दिवशी सूक्ष्मदर्शकांपासून फ्रिजपर्यंत सगळ्यांची पूजा व्हायची आणि मशीनं विश्रांतीला. माझ्या पहिल्या वर्षी वहिनींनी सर्व्हरला हळदकुंकू लावून झेंडूचा एवढा जाड हार घातला की हवा जायची जाळी पूर्ण झाकली गेली, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत आतला पंखा घरघरायला लागला. सगळे म्हणाले, देवाला आवडलं. तुम्ही हार काढून वरच्या बाजूला ठेवलात, हात जोडलेत आणि म्हणालात, "याला आधी श्वास घेऊ द्या, मग आशीर्वाद देईल." मग सगळे प्रसाद घेऊन घरी गेले की आपलं खरं काम सुरू व्हायचं. हत्यारं पुसायचा दिवस, म्हणून वर्षभराचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर खरोखर उतरवून बघायचा. नुसता घेतलेला बॅकअप म्हणजे न उघडलेला डबा, आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, असं तुम्ही म्हणायचात. खिडकीतून रस्त्यावरची आपट्याची पानं विकणाऱ्यांची ओरड येते आहे, खोलीत झेंडूचा वास आहे, स्क्रीनवर फाइलींची नावं एकामागून एक वर सरकत आहेत आणि तुम्ही खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून बसला आहात. झोपलात असं वाटतं तोच विचारता, "थांबलं का?" थांबलेलं असतं.

त्या पहिल्याच वर्षीच्या हिवाळ्यात ताईचं लग्न ठरत होतं. मुलगा आमच्याच भागातला, एका कारखान्यात फिटर, त्याचे आईवडील आमच्यासारखेच वाशीमकडून आलेले. बोलणी पुढे गेली होती. आणि एक दिवस मावशी, जी तुमच्या, म्हणजे आपल्या लॅबच्या विश्रांतवाडीच्या शाखेसमोर राहायची, घरी येऊन सांगून गेली की मुलगा दोन-तीनदा लॅबमधून बाहेर पडताना तिला दिसला. हातात रिपोर्टचं पाकीट होतं, आणि तोंड उतरलेलं.

मावशी गेली तेव्हा आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. बाबा पाटावर बसले होते, आई भाकरी थापत होती, ताई विळीवर होती आणि तिने मान वर केली नाही. मग बाबा मला म्हणाले, "तू तं तिथंच हायेस ना? मंग पाय ना जरा."

"बाबा, तसं बघता येत नाही."

"काऊन? कॉम्पुटरात नसते काय?"

"असतं. पण ते बघायचं नसतं."

"कोनाले सांगतो आपन? घरातली गोष्ट घरात राहीन."

आई तव्याकडे बघत म्हणाली, "पोरीच्या जल्माचा सवाल हाये."

तेव्हा लोक कुठल्या आजाराबद्दल कुजबुजायचे, नवऱ्याकडून बायकोला होणाऱ्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या वस्तीतली एक मुलगी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी माहेरी परतली होती आणि मग सगळ्यांना कळलं होतं, तिला सोडून सगळ्यांना आधी कळलं होतं म्हणा. बाबा वाईट नव्हते, बाई. त्यांनी मला शिकवलं होतं, ओव्हरटाइम करून, आणि माझ्याकडे आयुष्यात हे एकच मागितलं होतं. आणि मला ते खरंच दिसत होतं. सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या खात्याला काहीच बंद नसतं. एक नाव टाइप करायचं होतं.

पुढचे काही दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बघितलं नाही आणि त्याला काही असलं, तर ताईचा जन्म माझ्या साधेपणामुळे वाया गेला. बघितलं आणि काही नसलं, तर काय बिघडलं? बघितलं आणि असलं, तर ते मी कुणाला काय म्हणून सांगू, आणि ज्याच्या रक्ताची गोष्ट आहे त्याने ती मला कधी दिली होती? मी नाव टाइप करायचे आणि पुसायचे. एंटर दाबत नव्हते. पण हात तिथेच घोटाळायचा.

शेवटी मी तुम्हाला विचारलं. आडून विचारलं. चहाच्या वेळी म्हटलं, "बाई, समजा एखाद्याला खरंच गरज असेल, तर आपण रिपोर्ट..."

"एखाद्याला म्हणजे कुणाला?"

तुम्ही कप खाली ठेवलात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलात.

"बघितलंत?"

"नाही."

"बघणार आहात?"

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

तुम्ही कुणाचा, कशाचा, काही विचारलं नाहीत. खुर्ची ओढलीत, सर्व्हरपाशी बसलात, आणि माझ्या देखत माझ्या खात्याचे एकेक अधिकार उतरवलेत. बॅकअप घेता येईल, उघडता येणार नाही. मशीन बंद-चालू करता येईल, रिपोर्टच्या तक्त्यात शिरता येणार नाही. मला वाटत होतं सगळी लॅब बघते आहे; खोलीत आपण दोघीच होतो. मी म्हटलं, "बाई, तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"नसता तर कामावरून काढलं असतं. अधिकार काढत बसले नसते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तुम्हाला दिसलं, पण तुम्ही मऊ झाला नाहीत. म्हणालात, "इथे माणसं रक्त देतात ते डॉक्टरांसाठी. तुमच्या घरासाठी नाही, माझ्या घरासाठी नाही." मग टाइप करता करताच, "मलाही नाही दिसत. पहिल्या दिवसापासून काढून ठेवलंय मी माझं. माझ्या वरच्या मजल्यावरची बाई इथेच येते तपासायला. जिन्यात भेटली की आम्ही भाजीच्या भावाबद्दल बोलतो. मला माहीत असतं तर बोलता आलं असतं का?"

आणि सगळं झाल्यावर खुर्ची माझ्याकडे वळवून, "आता घरी कुणी विचारलं तर काय सांगाल?"

"मला दिसत नाही."

"खरं आहे ना?"

"हो."

"मग झालं तर. जा, मोडेम बघा, शाखेची लाइन पडली आहे."

त्या संध्याकाळी मला फक्त अपमान कळला. ज्या एका ठिकाणी माझी भीती, माझा चोखपणा कुणाला तरी हवा होता, त्याच ठिकाणी मला चोर ठरवलं असं वाटलं. बसमध्ये मी ठरवलं की महिना संपला की सोडायचं. हिंजवडीला नव्या कंपन्या निघत होत्या, क्लासमधली दोन मुलं तिकडे लागली होती.

घरी बाबांनी विचारलं. मी म्हटलं, "मला दिसत नाही. आजपासून बंद केलंय."

"कोनं?"

"बाईंनी."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात हे त्यांना माहीत होतं, आणि ते माझे कानच बघत होते. मग म्हणाले, "मंग एवढं शिकून काय फायदा झाला?" त्यांनी ताट सरकवलं. आई म्हणाली, "त्या बाईले सांगून पाय ना एकडाव," आणि मी, जिने बाबांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, रडत ओरडले, "तो रिपोर्ट लॅबचा नाही, बाईंचा नाही, माझा नाही. त्याचा आहे. ज्याचा आहे त्याच्याकडे मागा ना!"

ताई विळी आडवी करून उठली. इतक्या दिवसांत त्या विषयावर ती एक शब्द बोलली नव्हती; तिच्या जन्माचा सवाल होता आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. ती म्हणाली, "मंग त्यालेच विचारतो ना मी. त्याले बोलवा रविवारी."

"असं कुठं असते काय?" आई म्हणाली.

"नसन. मी विचारतो."

रविवारी तो आला. चहा झाल्यावर ताई त्याला म्हणाली, जरा वर येता का, आणि दोघं गच्चीवर गेले. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने जिन्याच्या वरच्या पायरीवर गेले. मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. टाकीत पाणी पडत होतं. ताई काहीतरी बोलली. तो आधी हसला. मग हसणं थांबलं. मग तो कठड्याला टेकून बराच वेळ बोलत राहिला, ताईकडे न बघता, समोरच्या आळंदी रस्त्याकडे बघत, आणि ताई मधे मधे मान हलवत होती. एकदा तिने काहीतरी विचारलं आणि त्याने तिच्याकडे बघून उत्तर दिलं. मी हातातला ओला टॉवेल पिळत उभी होते.

तो गेल्यावर ताई खाली आली आणि बाबांना म्हणाली, "मले पसंत हाये."

"आन् रिपोर्ट?"

"विचारलं. त्यानं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"ते माह्यापाशी राहू द्या," ताई म्हणाली, आणि कुकर लावायला आत गेली.

त्या रात्री मी तिला एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, "तुह्या बाईनं बंद केलं ना तुले? मंग मीबी केलं." आणि हसली. आम्ही दोघी हसलो, बाई. कितीतरी दिवसांनी.

मी लॅब सोडली नाही. तुम्ही मला काय दिलं होतंत ते मला एकदम कळलं नाही. हळूहळू, लग्नाच्या गडबडीत, बाबा पुन्हा माझ्याशी बोलायला लागले तेव्हा कळत गेलं. मी नकार दिला असता तर तो माझा नकार झाला असता, मुलीने बापाला दिलेला, आणि तो आमच्या घरात कायमचा बसून राहिला असता. तुम्ही तो माझ्या हातून काढून घेतलात. बाबा पुढे म्हणायचे, तिच्या बाईनं बंद केलं होतं, ती काय करीन. तुम्हाला त्यांनी बरेच बोल लावले. तुम्हाला उचक्या लागल्या असतील.

आता मी हिंजवडीला आहे. काचेची इमारत, दारात कार्ड, कंपनीच्या बसमध्ये रोजचा खोळंबा. माझ्या हाताखाली मुलंमुली आहेत आणि परदेशातून आम्हाला स्लाइड येतात, त्यात सांगतात की आता 'झिरो ट्रस्ट'चा जमाना आहे, कुणावरही विश्वास ठेवू नका. मी त्या वाचून दाखवते, पण शिकवताना मला ते वाक्य तसं बोलवत नाही. मागच्या महिन्यात नवीन मुलीचे जादा अधिकार मी काढले आणि तिचा चेहरा पडला. मी तिला तुमच्यासारखं तोडून बोलू शकत नाही, मला घाबरायला होतं. मी तिला कँटीनमध्ये नेलं आणि म्हटलं, हे तुझ्यासाठी आहे, कधीतरी कुणीतरी तुझ्याकडे काही मागेल. ती म्हणाली, ओके मॅम. तिला पटलं नाही. पटेल.

तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्यात नव्हते, कंपनीच्या कामासाठी बाहेर होते. वहिनींचा फोन आला. खालच्या दातांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी दवाखाना बंद ठेवला, असं त्या म्हणाल्या. त्यानंतर तुमच्याशी असं सविस्तर बोलायचं मी किती वेळा ठरवलं, आणि आज लिहायला बसले तर लक्षात येतं, तुम्ही असतात तरी हे पत्र मी टाकलं नसतं. यात ताईची गोष्ट आहे, भाऊजींची आहे. माझी त्यात फार थोडी आहे. म्हणून तेव्हाही तुम्हाला कधी सांगितलं नाही की कुणाच्या रिपोर्टपायी मी तशी झाले होते, आणि तुम्हीही कधी विचारलं नाहीत.

ताई सुखात आहे. दोन मुलं आहेत, थोरली अकरावीला. भाऊजी फार कमी बोलतात आणि ताई बोलायला लागली की हातातलं काम ठेवतात. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. भाऊजींचं जेवण झाल्यावर ताईने न बोलता त्यांच्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला, आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून गोळ्या काढल्या. या वयात कोण गोळ्या घेत नाही. बीपीच्याही असतील, पित्ताच्याही. मी लगेच मान खाली घातली आणि ताटातला भात चिवडत बसले. ताईने माझ्याकडे बघितलं असावं.

मान खाली घालायच्या आधी मी मोजल्या होत्या, बाई. दोन होत्या. एक पांढरी होती.